आरशाशिवाय दात घासताना
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

अजिबात न दिसणाऱ्या किंवा अंधुक दिसणाऱ्या मुलांच्या दातांबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. डोळे अधू आहेत म्हणून दात किडत नाहीत. थोडे अपवाद आहेत, ते शेवटच्या उत्तरात येतील. या मुलांमध्ये कीड जास्त असते की नाही, यावर वेगवेगळ्या पाहण्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. सुजलेल्या हिरड्या आणि दातांवर साचलेला थर मात्र बहुतेक पाहण्यांत आढळतो. त्याचे कारण आपल्या शिकवण्यात आहे. 'आरशात बघ, मी कसे घासतो ते बघ' यापलीकडे आपल्याला शिकवता येत नाही, आणि न दिसणाऱ्या मुलाला आपण तेच वाक्य जरा मोठ्या आवाजात सांगतो.

प्रश्न : आमची मुलगी चौदा महिन्यांची आहे. जन्मापासून दिसत नाही. सहा दात आले आहेत. ब्रश ओठाला लागला की तोंड घट्ट मिटून घेते, रडते. जरा मोठी होईपर्यंत थांबले तर चालेल का? रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवूनच झोपते.

थांबू नका. पहिला दात वर आला की ब्रश सुरू करायचा आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत दातांच्या डॉक्टरांकडे एक भेट द्यायची, हे सगळ्याच बाळांसाठी सांगितले जाते. तुमची भेट राहिली असेल तर आता उरकून घ्या.

तोंड मिटणे हा बहुधा हट्ट नसतो, ते दचकणे असते. दिसणाऱ्या बाळाला ब्रश लांबून येताना कळतो. तुमच्या मुलीला तो ओठावर टेकल्यावरच कळतो. म्हणून ब्रशच्या आधी सूचना पोचायला हवी. एक शब्द ठरवा, तो म्हणताना गालावर तळहात टेकवा, मग ओठाच्या कोपऱ्याला बोट लावा, मग तोंडात जा. क्रम रोज तोच हवा आणि घरातल्या प्रत्येकाकडून तोच हवा. निसटता, हलका स्पर्श अशा मुलांना जास्त खुपतो. सावकाश दिलेला ठाम दाब त्यांना सोसतो.

पहिले काही दिवस बोटाला ओले मऊ फडके गुंडाळून फक्त गाल आणि बाहेरच्या हिरड्या पुसा. त्याच दिवसांत कोरडा ब्रश तिच्या हातात खेळायला असू द्या. तिने तो चावला तरी हरकत नाही, मात्र तेव्हा तिला बसवून ठेवा. तोंडात ब्रश घेऊन चालणारे मूल पडले तर टाळूला जखम होते. तिच्या हातात एक आणि तुमच्या हातात दुसरा, असे दोन ब्रश ठेवले की ओढाओढ टळते. मग मोजून घासायला लागा. मोठ्याने एक ते पाच म्हणा आणि पाचला ब्रश बाहेर काढा, काम अर्धवट राहिले तरी काढा. पाच म्हटल्यावर सुटका होते असा भरवसा बसला की पुढे दहापर्यंत जाता येते. 'अजून थोडेसेच' म्हणून एकदा जरी पुढे रेटलेत, तरी त्या मोजण्याला अर्थ उरत नाही.

घासताना तिचे डोके तुमच्या मांडीवर आणि तोंड वर असू द्या. डाव्या हाताच्या बोटाने वरचा ओठ उचला आणि ओठाच्या आत मधोमध असलेला पातळ पडदा त्याच बोटाने झाकून ठेवा. ब्रशचा कडक कडा त्या पडद्यावर आपटला की चांगलेच दुखते, आणि ब्रशला घाबरणाऱ्या अनेक बाळांची सुरुवात तिथेच झालेली असते. किमान 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावा. या वयात चूळ भरायची गरज नाही.

बाटलीचे मात्र मनावर घ्या. झोपेत लाळ कमी होते आणि दूध वरच्या पुढच्या दातांभोवती तासन् तास राहते. खालचे दात जिभेखाली झाकलेले असल्यामुळे वाचतात. दूध आधी, ब्रश नंतर आणि मग झोप, असा क्रम लावा. एकदम तुटत नसेल तर एक-दोन आठवडे रात्रीच्या बाटलीतल्या दुधात दररोज पाणी थोडे वाढवत जा, शेवटी नुसते पाणी राहील. न दिसणारी बाळे घट्ट अन्नाला उशिरा सरावतात, म्हणून बाटली लांबत जाते. घास चमच्याने अचानक तोंडात देण्याऐवजी आधी तिच्या हातात द्या, तिला चाचपू द्या. जेवणानंतर गालाच्या आत बोट फिरवून बघा. चावता न आलेला घास तिथे तसाच साठवलेला असतो.

प्रश्न : मुलगा साडेसात वर्षांचा, पूर्ण अंध, बाकी चुणचुणीत. 'माझे मी घासणार' म्हणतो आणि पुढच्या चार दातांवर ब्रश फिरवून मोकळा होतो. त्याला शिकवायचे कसे? की अजून आम्हीच घासावे?

दोन्ही करा. सकाळी त्याने घासावे, रात्री तुम्ही. दिसणाऱ्या मुलांनाही आठ वर्षांपर्यंत मोठ्यांचा हात लागतो. तुमच्या मुलाला तो थोडा जास्त काळ लागला तर त्यात काही बिघडले नाही.

आपल्या तोंडात काय काय आहे हेच त्याला बहुधा माहीत नसते, म्हणून शिकवणी ब्रशपासून सुरू करू नका. हात धुऊन त्याला बोट आत घालू द्या. पटाशीचे दात धारेला सपाट लागतात, सुळा टोकदार, दाढ रुंद आणि खाचांची. प्रत्येक दाताला गालाकडची, जिभेकडची आणि चावायची अशा तीन बाजू आहेत हे त्याला बोटानेच कळू दे. डॉक्टरांकडे जबड्याचा मोठा नमुना असतो, तो हाताळायला मागा. 2012 साली ऑडिओ-टॅक्टाइल परफॉर्मन्स नावाची पद्धत प्रसिद्ध झाली, तिचा गाभा हाच आहे : आधी ऐकायचे, मग नमुन्यावर चाचपायचे, मग स्वतःच्या दातांवर जीभ फिरवायची आणि त्यानंतर ब्रश धरायचा.

जिभेचा उपयोग इथे सर्वात मोठा. घासण्याआधी हिरडीलगत जीभ फिरवली तर दात खरखरीत, बुळबुळीत लागतो. नीट घासल्यावर काचेसारखा गुळगुळीत. एक अडचण आहे. पेस्टचा थंडावा आणि फेस यांमुळे कुठेही न घासता सगळे तोंड स्वच्छ वाटते. म्हणून सराव दिवसा, पेस्ट न लावता, ओल्या ब्रशने करून घ्या. जीभ दातांच्या आतल्या बाजूला छान पोचते, पण वरच्या शेवटच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ती अपुरी पडते. तिथे बोटाने तपासायला शिकवा.

हात धरून शिकवताना त्याच्या समोर उभे राहू नका. उजवे-डावे उलटे होते. पाठीमागे, त्याच दिशेला तोंड करून उभे राहा. ब्रश तुमच्या हातात आणि त्याचा हात तुमच्या हातावर, अशी सुरुवात करा. त्याला हालचाल जाणवते आणि नको वाटले तर हात काढून घेता येतो. त्याचे मनगट पकडून हलवले तर तो हात ढिला सोडून देतो आणि काहीच शिकत नाही. काही दिवसांनी ब्रश त्याच्या हातात द्या, तुमची दोन बोटे फक्त कोपराला असू द्या.

मार्ग एकच ठरवा आणि तो बदलू नका. उजवीकडे वर, शेवटच्या दाढेच्या गालाकडच्या बाजूने निघायचे, पुढून फिरून डावीकडच्या शेवटच्या दाढेपर्यंत जायचे, तिथून आतल्या बाजूने परत उजवीकडे यायचे, मग चावायच्या बाजू. खालीही तसेच. ब्रशखाली एका वेळी दोन दात येतात. प्रत्येक जागी दहा छोट्या फेऱ्या मोजायच्या आणि ब्रश न उचलता पुढे सरकायचे. ब्रश उचलला की जागा हरवते. सगळे मिळून दोन मिनिटे तर सहज होतात. गाणे लावणे किंवा टायमर लावणे चांगलेच, पण टायमर फक्त वेळ सांगतो. ब्रश तोंडात कुठे आहे ते मोजण्यानेच कळते, म्हणून आमचा कल मोजण्याकडे आहे.

ब्रशचे केस अर्धे दातावर, अर्धे हिरडीवर टेकले पाहिजेत. हिरडीला किंचित गुदगुल्या झाल्या की जागा बरोबर. मुठीत धरला तर जोर जास्त पडतो, बोटांच्या टोकांत धरू द्या. वरच्या मागच्या दाढांना ब्रश पोचत नसेल तर 'मोठा आ कर' म्हणू नका. तोंड पूर्ण उघडले की खालच्या जबड्याच्या हाडाचे टोक पुढे येऊन तिथली जागा अडवते. तोंड अर्धे मिटायला सांगा आणि जबडा त्याच बाजूला सरकवायला सांगा. ब्रश आत जातो. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरायचा.

एक दाढ हमखास सुटते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे कायमची दाढ येते. तिच्यासाठी दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली घरात कुणाला कळतही नाही. वर येईपर्यंत ती शेजारच्या दाढेपेक्षा ठेंगणी असते आणि ब्रश तिच्यावरून तसाच निघून जातो. ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून ती वेगळी घासा. पूर्ण वर आली की तिच्या खाचांवर सीलंट (खाचा बुजवणारा पातळ लेप) बसवून घ्या. या मुलांच्या बाबतीत त्याला उशीर करू नये.

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्या. दांड्याला अंगठ्यासाठी खाच नसेल तर केसांच्या विरुद्ध बाजूला एक उंचवट्याचा ठिपका चिकटवा, म्हणजे केस कुठल्या बाजूला ते हातात घेताच समजेल. पेस्ट वाटाण्याएवढी. ब्रशवर ती नेमकी पडण्यासाठी अंगठा आणि तर्जनी केसांच्या दोन्ही बाजूंना आधारासारखी धरायची आणि मधे पिळायची, किंवा पेस्ट बोटावर घेऊन ब्रशला पुसायची. शेवटी थुंकायचे आणि चूळ भरायची नाही. चूळ भरली की दातांवर राहायला हवे ते फ्लोराइडही निघून जाते.

प्रश्न : विजेवर चालणारा ब्रश अशा मुलांसाठी चांगला का?

बहुतेकांना चालतो. हातात धरून फक्त दातांवर टेकवत न्यायचा असतो, आणि दर 30 सेकंदांनी थरथरून 'पुढच्या भागात जा' असे सांगणारे ब्रश मिळतात. पण आवाज आणि थरथर थेट कवटीत घुमते. ऐकण्यावर अवलंबून असलेल्या मुलाला त्या दोन मिनिटांत बाहेरचे काही ऐकू येत नाही आणि काही मुलांना ते मुळीच सोसत नाही. आधी बंद ब्रश, मग हाताच्या पाठीवर चालू, मग गालावर बाहेरून, मग तोंडात, अशा पायऱ्यांनी न्या. साध्या ब्रशने मार्ग शिकल्याशिवाय मात्र देऊ नका.

प्रश्न : मी दृष्टिबाधित मुलांच्या निवासी शाळेत वसतिगृह सांभाळते. ब्रशांची अदलाबदल होते, पेस्टची एकच मोठी ट्यूब टेबलावर असते, आणि कोण घासतो, कोण नाही ते कळत नाही.

ताई, पहिला बदल ट्यूबचा करा. एक ट्यूब वीस ब्रशांच्या केसांना टेकते, आणि ती शोधायला रांग लागली की मुले पेस्टशिवायच पुढे सरकतात. प्रत्येकाची छोटी ट्यूब हवी, आणि तिला एक रबर बँड. हा रबर बँड महत्त्वाचा आहे. त्याच कपाटात मलमाच्या, दुखण्यावर चोळायच्या क्रीमच्या, दाढीच्या क्रीमच्या ट्यूबा असतात आणि त्या हाताला सारख्याच लागतात. रबर बँड असेल तीच तोंडात जाईल, हा नियम सगळ्या खोल्यांत एकच ठेवा. औषधाच्या ट्यूबा वेगळ्या खणात ठेवा.

ब्रश ओळखायला रंगाचा उपयोग फक्त थोडे दिसणाऱ्यांना. दांड्यावर दोऱ्याच्या गाठी, खाचा, ब्रेलची चिकटपट्टी, जे पाण्यात टिकेल ते लावा. ब्रेल सगळ्यांना येतेच असे नाही, म्हणून गाठी जास्त सोयीच्या. ब्रश उभे, एकमेकांना न टेकता आणि उघड्यावर वाळले पाहिजेत. दर तीन महिन्यांनी बदला. त्याआधीच केस बाहेर फाकले असतील तर ते मुलांना बोटाने तपासता येते.

कोण घासत नाही, याचा शोध घेण्यासाठी थर रंगवणाऱ्या गोळ्या महिन्यातून एकदा वापरा. त्या मुलांना काही शिकवत नाहीत, कारण रंग त्यांना दिसत नाही. तुम्हाला मात्र कुणाची कुठली बाजू सुटते ते दिसते. मग त्या मुलाचे बोट नेमके त्या जागी नेऊन ठेवा आणि पुन्हा घासून घ्या. 'नीट घास' या दोन शब्दांनी काहीच होत नाही. तोंडात कुठे, हे सांगावे लागते.

आणखी एक. शाबासकी म्हणून गोळ्या-चॉकलेटे देण्याची पाहुण्यांची सवय थांबवा. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांत दातांवरची आम्लता वाढते आणि पूर्ववत व्हायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. दिवसभर एकेक गोळी चघळणारे मूल एकदम पाच खाणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करून घेते.

प्रश्न : मी चौदा वर्षांची आहे, मला थोडेसेच दिसते. घासताना तोंडाला खारट चव येते. आई म्हणते रक्त आहे, दोन-तीन दिवस घासू नकोस. खरे काय?

आईचे रक्ताबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, आणि तू ते चवीवरून ओळखलेस हे उत्तम. पण घासणे थांबवू नकोस. हिरडीलगतचा थर निघालेला नाही म्हणून हिरडी सुजली आहे, आणि न घासल्याने थर वाढेल. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला टेकवून हलक्या हाताने दोन वेळा घास. नुसता थर असेल तर एक-दोन आठवड्यांत रक्त थांबायला हवे. थांबले नाही, किंवा खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जिभेला दगडासारखा कडक खरखरीत कडा लागत असेल, तर तो टार्टर आहे. तो कुठल्याच ब्रशने निघत नाही, डॉक्टरांकडूनच काढावा लागतो.

दातांच्या फटींसाठी धाग्याची गुंडाळी बोटांना बांधणे तुला अवघड गेले तर धरायला दांडा असलेला फ्लॉस घे. फटीत खाली दाबू नकोस. मागेपुढे हलवत सरकव, आणि आत गेल्यावर आधी एका दाताला, मग दुसऱ्या दाताला घासून वर आण. पुढे दात सरळ करायच्या तारा लावायच्या ठरल्या तर दातावर चिकटवलेल्या प्रत्येक चौकटीच्या (ब्रॅकेटच्या) वर आणि खाली असे दोन वेळा घासावे लागते, हे आत्ताच लक्षात ठेव.

टार्टर काढून, नीट घासूनही रक्त येत राहिले, किंवा दाताशिवाय दुसरीकडूनही येत असेल, अंगावर आपोआप काळेनिळे डाग पडत असतील, तर आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीचा दात हलायला लागल्यापासून ती घाबरून जेवतच नाही.

दिसणारी मुले वर्गातली बोळकी बघून बघून तयार झालेली असतात. तुमच्या मुलीला ही बातमी पहिल्यांदाच, तीही स्वतःच्या तोंडातून मिळाली आहे. मोठ्या बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या पडलेल्या दाताच्या जागी नवा आलेला दात तिला (हात धुऊन) चाचपू द्या. दात पडला की तिच्या हातात द्या, त्याला मूळ उरलेले नसते हे तिला बोटाने कळू द्या. थोडे रक्त येईल, खारट लागेल, फडके दाबून धरले की थांबेल, हे आधीच सांगा. दात ओढू नका.

प्रश्न : मैदानावर एक विद्यार्थी खांबावर आपटला आणि पुढचा दात मुळासकट बाहेर आला. कुणाला काही सुचले नाही. अशा वेळी शिक्षकांनी काय करावे?

आधी मूल शुद्धीवर आहे ना, उलटी होते आहे का, ते पाहा. डोक्याला मार असेल तर दाताचा विषय नंतर. मग दात शोधा. सापडला नाही तर तो श्वासनलिकेत गेला असू शकतो, हे डॉक्टरांना सांगायलाच हवे.

दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही. खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते. वरचे मधले दोन कायमचे दात साधारण सात-आठ वर्षांच्या वयात येतात, त्यावरून अंदाज घ्या. कायमचा असेल तर चमकत्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने, नसेल तर थंड पाण्याखाली काही सेकंद धुवा. घासू नका, पुसू नका. मूल शांत असेल तर दात त्याच्या खळग्यात सरळ बसवा आणि वर स्वच्छ रुमाल ठेवून हलके चावायला सांगा. हे जमले नाही तर दात थंड दुधात टाका. दूध नसेल तर मुलाला वाटीत थुंकायला सांगून त्या लाळेत ठेवा. पाण्यात ठेवून नेऊ नका, आणि कागदात गुंडाळून तर नाहीच. मुळावरच्या पेशी कोरड्या राहिल्या तर तासाभरात मरतात. पहिला अर्धा तास सर्वात मोलाचा.

जे घडते आहे ते प्रत्येक पायरीला त्या मुलाला सांगत राहा. तोंडात रक्त, भोवती गोंधळ आणि कुणीच काही बोलत नाही, ही त्याच्यासाठी सर्वात वाईट स्थिती.

पुढच्यासाठी : अर्धवट उघडे दार, मधेच सरकवलेले बाक आणि छातीच्या उंचीवरचे अडथळे यांनी जास्त दात मोडतात, कारण पांढरी काठी जमिनीवरचे सांगते, वरचे नाही. वरचे दात खूप पुढे असलेल्या मुलांना धोका अधिक. त्यांना दंतवक्रतेच्या डॉक्टरांना लवकर दाखवा. धावण्याच्या आणि चेंडूच्या खेळांत दातांवर बसवायचे संरक्षक कवच द्या.

प्रश्न : मी दंतवैद्य आहे. अंध बालरुग्णांसाठी 'सांगा, दाखवा, करा' ही पद्धत कशी वापरावी?

मधला शब्द बदला : सांगा, हाताळू द्या, करा. एडेलस्टन यांनी 1959 साली मांडलेली मूळ पद्धत तशीच राहते, फक्त 'दाखवणे' हाताने, कानाने, जिभेने होते. आरसा बोटात द्या. पाण्याचा फवारा आधी तळहातावर, हवा मनगटावर, पॉलिश करायचा रबरी कप नखावर फिरवा. सक्शनचा आवाज आधी लांबून ऐकवा. पेस्टची चव जिभेला टेकवा आणि हातमोज्यांचा वासही सांगा. तो न सांगता आला की मुले मान फिरवतात. टोकदार हत्यारे आणि सुई हातात द्यायची नाहीत, पण खोटेही बोलायचे नाही. 'आता टोचेल, पाच मोजेपर्यंत' हे पुरे.

मुलाशी बोला, आईशी नाही. खोलीत कोण कोण आहे आणि कोण बाहेर गेले ते सांगा. चालताना त्याला ढकलू नका, तुमचा कोपर धरू द्या. खुर्ची आधी चाचपू द्या, आणि मागे झुकवण्याआधी नेमके सांगा. अचानक मागे जाणारी खुर्ची त्याला पडल्यासारखी वाटते. गप्प राहून काम करू नका, एक हात खांद्यावर टेकलेला असू द्या. 'इकडे', 'तिथे' हे शब्द निरुपयोगी. 'उजव्या गालाच्या आत' म्हणा. मूल ऐकूही शकत नसेल तर स्पर्शाच्या खुणा आधी पालकांकडून शिकून घ्या आणि त्याचे दोन्ही हात मोकळे ठेवा, कारण ते हातानेच बोलते.

थोडे दिसते का, हे विचाराच. दिसत असेल तर चष्मा काढू नका. अल्बिनिझम (त्वचा, केस, डोळ्यांत रंगद्रव्य नसणे), बुबुळाचा पडदा नसणे, जन्मजात काचबिंदू अशा मुलांना प्रखर दिवा असह्य होतो. काळा चष्मा घाला आणि दिवा तोंडाखालून वर आणा.

लाफिंग गॅस देण्याआधी एक प्रश्न चुकवू नका : अलीकडे दृष्टिपटलाची शस्त्रक्रिया झाली आहे का आणि डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला आहे का? एसएफ6 किंवा सी3एफ8 गॅस डोळ्यात काही आठवडे राहतो. त्या काळात नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, दिला तर तो बुडबुड्यात शिरून तो फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि उरलेली दृष्टीही जाऊ शकते. नेत्रतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय देऊ नये.

प्रश्न : आमच्या मुलाला डोळ्यांचा आजार आहे आणि दातही पिवळे, ठिसूळ आहेत. घासण्यात कमी पडलो का?

बहुधा नाही. दात आले तेव्हापासूनच ठिसूळ असतील तर दोष दात तयार होतानाचा आहे. काही आनुवंशिक विकार डोळ्यांना आणि दातांना एकदम गाठतात. जलिली सिंड्रोममध्ये दृष्टिपटलाच्या विकाराबरोबर सगळ्याच दातांचे कवच कच्चे असते. ॲक्सेनफेल्ड-रीगर सिंड्रोममध्ये बुबुळाचा दोष, निम्म्याच्या आसपास रुग्णांना काचबिंदू आणि त्यासोबत वरचे पुढचे दात नसणे किंवा बारीक, सुळक्यासारखे असणे दिसते. कधीकधी ही खूण दातांच्या डॉक्टरांना आधी दिसते आणि काचबिंदू वेळेवर पकडला जातो.

अनुवंश नसलेली कारणेही आहेत. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये दृष्टिपटल बिघडते, त्यांच्या दुधाच्या दातांच्या कवचातही खड्डे आढळतात. श्वासाची नळी बराच काळ तोंडातून घातलेली असेल तर वरच्या पुढच्या दातांवर जास्त. रेटिनोब्लास्टोमासाठी (दृष्टिपटलाच्या कर्करोगासाठी) लहानपणी केमोथेरपी किंवा किरणोपचार झाले असतील तर कायमचे दात छोटे, आखूड मुळांचे किंवा बेपत्ता असू शकतात. फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर हिरड्या दातांवर वाढतात. गोड पातळ औषधे रात्री घासून झाल्यावर दिली जात असतील तर वेळ बदला, किंवा साखरेविना असलेले औषध मागा.

कवच कच्चे असेल तर थंड लागते, म्हणून मूल घासू देत नाही. कोमट पाणी वापरा. डॉक्टरांकडून दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइडचे व्हार्निश लावून घ्या. कीड थांबवायला चांदीयुक्त फ्लोराइड सुचवले तर किडलेला भाग काळा होईल हे मुलालाही आधी सांगा. त्याला दिसले नाही तरी वर्गात कुणीतरी त्याला सांगणारच. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन ओठ उचलून पाहण्याचे काम तुमचे. हिरडीलगतचा खडूसारखा पांढरा पट्टा ही किडीची पहिली पायरी असते, ती बोटाला किंवा जिभेला लागत नाही, आणि त्या पायरीला ड्रिल न लावता कीड थांबवता येते. पहिल्या भेटीला जाताना डोळ्यांच्या आजाराचे नेमके नाव, झालेल्या शस्त्रक्रियांच्या तारखा आणि चालू औषधांची यादी सोबत न्या. 'डोळ्यांचा त्रास आहे' एवढ्यावरून दातांच्या डॉक्टरांना वरच्यापैकी काहीच ओळखता येणार नाही.